घनता ७४ म्हणजे जागा रिकामी? : 'ठाणेकर' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

ठाणेकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मानवी भूगोलावरचा माझा लेख पूर्ण वाचून लिहिलेली आहे. म्हणून दोन ओळींत बोळवण न करता सविस्तर उत्तर देतो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: मानवी भूगोल म्हणजे कुणालाही कळणाऱ्या गोष्टींना जड नावं देण्याचा उद्योग, असं तुमचं म्हणणं. लोकसंख्येला क्षेत्रफळाने भागलं की घनता, म्हणजे दर चौरस किलोमीटरला किती माणसं, ती मिळाली. ठाण्याची १,१५७, गडचिरोलीची ७४. एक जिल्हा भरलेला, दुसरा रिकामा, विषय संपला. लोक कुठून कुठे जातात ते जनगणना सांगते. आणि उपग्रहाची चित्रं नि गूगल मॅप फुकट असताना 'प्रदेश', 'प्रमाण' (स्केल), 'स्थलांतराचे प्रकार' ही बारावीची पोपटपंची कशाला?

पोपटपंचीबद्दल माझं तुमच्याशी भांडण नाही. घनतेचे प्रकार दोन-दोन मार्कांसाठी घोकले की त्यांचा जीव जातोच. पण तुम्ही दिलेले दोन आकडेच बघा. त्यांनी तुम्हाला जे सांगितलं असं तुम्हाला वाटतं, ते त्यांनी सांगितलेलंच नाही.

आधी तुमचा जिल्हा. १,१५७ हा आकडा २०११ च्या जनगणनेतला, आणि बरोबर. मात्र तो ज्या जिल्ह्याचा आहे तो जिल्हा आता नाही. तेव्हाचा ठाणे जिल्हा ९,५५८ चौरस किलोमीटरचा होता, लोकसंख्या १ कोटी १० लाखांच्या वर, देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा. त्यात एकीकडे ठाणे, कल्याण, उल्हासनगर आणि दुसरीकडे जव्हार, मोखाडा, विक्रमगड. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. २०११ चीच माणसं नव्या हद्दींत वाटून मोजली तर ठाण्याची घनता साधारण १,९०० होते आणि पालघरची साधारण ५६०. कुणी बिऱ्हाड हलवलं नाही, कुठे एक इमारतही वाढली नाही. हललेली फक्त रेघ.

मग १,१५७ कुणाची घनता होती? दाटीवाटीच्या मुंब्र्याची नाही आणि विरळ मोखाड्याचीही नाही. त्या जिल्ह्यातले बहुतेक लोक १,१५७ च्या घनतेत राहतच नव्हते. पालघरच्या ५६० चंही तेच. त्या जिल्ह्यातल्या दहा माणसांमागे चार एकट्या वसई-विरार महापालिकेच्या हद्दीतली. ती वजा केली की उरलेल्या पालघरचं चित्र पार बदलतं. (मुंबई उपनगर जिल्ह्याची घनता काढताना छेदात संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा मोठा भागही बसतो. चाळीतल्या माणसाच्या वाट्याला कागदावर बिबट्याची जागा येते.)

तुम्ही आकड्यांचे भोक्ते आहात, म्हणून एक मासला देतो. १९७९ मध्ये ओपनशॉ आणि टेलर या दोन भूगोलज्ञांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या ९९ काउंटी घेतल्या. तिथली वृद्धांची टक्केवारी आणि रिपब्लिकन पक्षाची मतं यांचा सहसंबंध (एक वाढलं की दुसरं किती वाढतं किंवा घटतं याचं माप, उणे एक ते अधिक एक) काढायचा होता. त्यांनी त्याच काउंट्या वेगवेगळ्या पद्धतींनी एकत्र करून कमी, मोठे विभाग पाडले आणि दर वेळी तोच सहसंबंध पुन्हा काढला. माहिती तीच, सूत्र तेच, तरी उत्तर जवळपास उणे एकपासून अधिक एकपर्यंत कुठेही गेलं. म्हणजे 'म्हातारे जास्त तिथे ही मतं जास्त' हेही सिद्ध करता येतं आणि नेमकं उलटही. विभाग कसे पाडायचे एवढंच ठरवायचं. 'प्रदेश' आणि 'प्रमाण' हे शब्द तुम्हाला फुकाचे वाटतात, पण त्यांचं काम नेमकं हे आहे: हा आकडा कोणत्या चौकटीत काढला, आणि चौकट बदलली तर तो टिकतो का, हे विचारणं.

आता गडचिरोली. क्षेत्र १४,४१२ चौरस किलोमीटर, लोकसंख्या १० लाख ७२ हजार, भागाकार ७४. बरोबर. 'रिकामा' हा शब्द मात्र भागाकारातून आलेला नाही, तो तुम्ही घातलात. जिल्ह्याचा बहुतांश भाग जंगल आहे. शेतीच्या जमिनीवर किती माणसं पोट भरतात हे काढायचं तर छेदात जंगल धरून चालत नाही. बारावीत 'कायिक घनता' म्हणून जे घोकतात ते एवढंच: माणसांना सगळ्या जमिनीने न भागता पिकाऊ जमिनीने भागा. इजिप्तमध्ये बहुसंख्य लोक नाईलच्या काठावर आणि त्रिभुज प्रदेशात, उरलेलं वाळवंट. तिथे देशाची सरासरी घनता पाहून शेतकऱ्याच्या जमिनीवरचा ताण कळत नाही.

पण इथे मी त्या व्याख्येवरही थांबणार नाही, कारण गडचिरोलीत तीही अपुरी पडते. वाळवंटात पीक येत नाही म्हणून ते वगळलं. जंगल कसं वगळणार? धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) घ्या. काहीशे वस्तीचं गोंड गाव. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, आणि २०११ मध्ये बांबू विकण्यासाठी लागणारे वाहतूक पास देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. तुमच्या हिशेबाने ते १८ चौरस किलोमीटर रिकामे. गावाच्या हिशेबाने तिथे बांबू आहे, तेंदू आहे, मोह आहे, गुरांचं चरणं आहे. सरकारी नकाशावर एका रंगात रंगवलेला तो पट्टा गावाला नावानिशी ठाऊक असतो. वनहक्काच्या दाव्यांसाठी अनेक गावांत लोकांनी शिवार पायी फिरून, जीपीएसवर खुणा घेऊन नकाशे केले. मानवी भूगोलाचं साधन म्हणाल तर हेही साधनच आहे, आणि माझ्या मते उपग्रहाच्या चित्रापेक्षा मोलाचं. चित्रात झाडाचा शेंडा दिसतो. मोह कुणी वेचायचा ते दिसत नाही.

'जागा रिकामी' हे वाक्य निरुपद्रवी नाही, म्हणून यावर एवढा वेळ घालवला. धरण, खाण, अभयारण्य, काहीही आणायचं असलं की पहिल्यांदा ते वाक्य येतं.

स्थलांतराचा मुद्दा. जनगणनेत सगळं मिळतं म्हणता, तर २०११ च्या तक्त्यात ४५ कोटींहून अधिक स्थलांतरित आहेत. त्यांतल्या साधारण दोन-तृतीयांश स्त्रिया, आणि त्यांच्या जाण्याचं सर्वांत मोठं कारण लग्न. म्हणजे शेजारच्या तालुक्यात नांदायला गेलेली सून या तक्त्यात आहे. ब्रिटनच्या जनगणनेवरून रॅव्हनस्टाइन या भूगोलज्ञाने १८८५ मध्येच लिहून ठेवलं होतं की बहुतेक लोक थोड्याच अंतरावर जातात, आणि जवळच्या स्थलांतरात स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त असतात. त्यामुळे हा तक्ता चुकीचा नाही. फक्त 'स्थलांतर' म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जो माणूस येतो, तो त्यात अल्पसंख्य आहे.

आणि जो खरोखर डोळ्यांसमोर यायला हवा तो नीट सापडतच नाही. बीडची ऊसतोड टोळी घ्या. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, पोरंबाळं बरोबर. गाळप सुरू व्हायच्या सुमाराला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जायचं, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की परतायचं. २०११ ची शिरगणती झाली ९ ते २८ फेब्रुवारीत, म्हणजे ऐन हंगामात, टोळ्या फडावर कोप्यांत (झोपड्यांत) असताना. राष्ट्रीय नमुना पाहणीने २००७-०८ मध्ये अल्पकालीन स्थलांतराची जी व्याख्या धरली ती अशी: कामासाठी गेल्या वर्षभरात एक महिना ते सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर. हंगाम लांबला आणि सहा महिने भरले की तोच माणूस त्या रकान्यातून बाहेर. गावाने त्याला घालवलं नाही, फडाने ठेवून घेतलं नाही. मोजणाऱ्याने मात्र वगळलं. स्थलांतराचे 'हंगामी', 'चक्रीय' असे प्रकार करतात ते अशा माणसांसाठी. रेशन कुठे द्यायचं, पोराची शाळा कुठली, मतदान कुठे, हे सगळे प्रश्न त्या वर्गवारीला लटकलेले आहेत.

गूगल मॅपबद्दल फार लिहीत नाही, मीही तो रोज वापरतो. तो अंतर किलोमीटरमध्ये सांगतो, गाडीचा वेळही सांगतो. जिच्याकडे गाडी नाही आणि एसटीच्या दिवसाला मोजक्याच फेऱ्या आहेत, तिला मोखाड्याहून जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन एका दाखल्यासाठी किती मजुरी बुडवावी लागते, ते तो सांगत नाही. पालघर वेगळा करा या मागणीमागे हेच अंतर होतं.

आता तुमची शेवटची ओळ: 'पुढच्या वेळी शब्द कमी, आकडे जास्त द्या.' देतो. पण संधी तुम्हालाही आहे. पुढची शिरगणती फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे, संदर्भ दिनांक १ मार्च २०२७. पालघर त्यात पहिल्यांदा स्वतंत्र जिल्हा म्हणून येईल आणि 'ठाण्याची घनता दहा-पंधरा वर्षांत कुठल्या कुठे गेली' अशा बातम्याही येतील. त्या वाचण्याआधी २०११ चे तालुकावार आकडे काढा, नव्या हद्दींप्रमाणे बेरीज करा आणि मग वाढ किती ते पाहा. तालुक्यांच्या हद्दीही मधल्या काळात बदलल्या आहेत का, तेही तपासा. तुमचं उत्तर काय येतं ते इथेच खाली लिहा. आणि महिना पुन्हा फेब्रुवारीच आहे, तेव्हा बीडच्या आकड्यांकडेही एकदा बघा.