ऑस्ट्रेलियातला बर्फ आणि दर जुलैला फिरणारा फॉरवर्ड

जून संपत आला की ऑस्ट्रेलियातल्या मराठी ग्रुपांवर एक फॉरवर्ड हमखास येतो. पेरिशर नाहीतर माउंट बुलर या स्की रिसॉर्टचा पांढराशुभ्र फोटो आणि खाली मजकूर, थोडक्यात असा: 'शास्त्रज्ञ म्हणाले होते २०२० पर्यंत ऑस्ट्रेलियातला बर्फ संपेल. हा बघा, यंदाही पडला. इथे स्वित्झर्लंडपेक्षा जास्त भागात बर्फ पडतो. तापमान उणे २३ पर्यंत गेलेलं आहे. १९८१ ला भरपूर होता, २०१७ लाही भरपूर होता. कमी-जास्त होणं हे निसर्गाचं चक्र आहे. आणि नाहीच पडला तर मशीन आहेत. हवामान बदल हे सगळं थोतांड.'

यातला फोटो खरा असतो आणि उणे २३ चा आकडाही खरा आहे, म्हणून तो माणसाला पटतो. तेव्हा एकेक वाक्य सुटं करून बघू.

'शास्त्रज्ञ म्हणाले होते २०२० पर्यंत बर्फ संपेल.'

ज्या अभ्यासाच्या नावावर हे खपवलं जातं तो सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेचा २००३ चा अहवाल. केविन हेनेसी आणि सहकाऱ्यांचा. त्यात 'संपेल' असं कुठेही नाही. त्यांनी दोन टोकं दिली होती. तापमानवाढ कमी राहिली तर २०२० पर्यंत हंगाम सरासरी पाचेक दिवसांनी आखडेल आणि उंच जागी बर्फाच्या कमाल जाडीत फारसा फरक पडणार नाही. वाढ जास्त झाली तर हंगाम ३० ते ४० दिवसांनी आखडेल. हॉथमसारख्या उंच जागी ही घट साधारण चतुर्थांश, तर बॉ बॉसारख्या सखल जागी ६० टक्क्यांपर्यंत. वर्षातून सरासरी निदान एक दिवस बर्फाखाली राहणारं क्षेत्र १० ते ३९ टक्क्यांनी घटेल. शिवाय कमाल जाडीचा दिवस हंगामात आधी यायला लागेल, असंही त्यात होतं. म्हणजे मुद्दा हंगाम आखडण्याचा आणि खालून वर सरकण्याचा होता. जे कुणी म्हटलंच नव्हतं ते खोडून काढणं सोपं असतं.

'स्वित्झर्लंडपेक्षा जास्त बर्फ.'

ही तुलना क्षेत्रफळाची आहे, आणि त्यात वर्षातून थोडे दिवस पांढरं होणारं रानही धरलेलं असतं. स्वित्झर्लंडमधल्या झेरमॅट या स्की रिसॉर्टच्या लिफ्ट ३,८८३ मीटरपर्यंत जातात. इथे देशातलं सर्वोच्च शिखरच, कोझिअस्को, २,२२८ मीटर. थ्रेडबो रिसॉर्टचा पायथा १,३६५ वर आणि सर्वात वरची लिफ्ट २,०३७ वर. माउंट बुलरचा माथा १,८०५, बॉ बॉ १,५६७. मुख्य भूमीवर एकही हिमनदी नाही. एक अंश तापमान वाढलं की बर्फाची रेषा साधारण १५० मीटर वर सरकते. झेरमॅटला १५० मीटर म्हणजे खालची एखादी उतरंड गेली. बॉ बॉला १५० मीटर म्हणजे जवळपास सगळा डोंगर. तुलना करायचीच तर ही करावी.

'उणे २३ पर्यंत तापमान गेलंय.'

गेलंय. शार्लट पास, २९ जून १९९४. ऑस्ट्रेलियातलं आजवर नोंदलेलं सर्वात कमी तापमान. पण ती जागा वाटीसारख्या खोलगट दरीत आहे. आकाश निरभ्र, वारा पडलेला, जमिनीवर बर्फ. अशा रात्री जड थंड हवा उतारांवरून ओघळून तळाशी साचते. तेव्हा वरच्या कड्यावर हवा दरीपेक्षा उबदार असू शकते. एका दरीतल्या एका रात्रीवरून डोंगरभरच्या हंगामाबद्दल काहीच कळत नाही. बर्फ पडायला ढग लागतात, आणि ढगाळ रात्री तापमान सहसा शून्याच्या थोडं खालीच घुटमळतं. त्या 'थोडं खाली'मध्येच इथला सगळा खेळ आहे: अर्धा अंश इकडे तिकडे झाला की बर्फाच्या जागी पाऊस.

आता मुख्य मुद्दा: '१९८१ लाही होता, २०१७ लाही होता.'

पेरिशर आणि शार्लट पासच्या मधे स्पेन्सर्स क्रीक आहे, उंची १,८३० मीटर. स्नोई हायड्रो ही जलविद्युत कंपनी १९५४ पासून तिथे हंगामभर, साधारण आठवड्याला एकदा, बर्फ मोजतं. ठरलेल्या ठिकाणी पोकळ नळी जमिनीला लागेपर्यंत खुपसायची, जाडी वाचायची, मग आतल्या बर्फासकट नळी तोलायची म्हणजे त्यात पाणी किती तेही कळतं. या नोंदींतला उच्चांक १९८१ चा, ३६१ सेंटिमीटर. नीचांकी कमाल जाडी २००६ ची, ८५ सेंटिमीटर. फॉरवर्ड पाठवणारे या आलेखातली उंच टोकं दाखवतात. टोकांमध्ये उडी इतकी मोठी की त्यातून कल काढणं खरंच अवघड आहे. इथवर त्यांचं बरोबर.

चूक पुढे होते. कमाल जाडी हा वर्षातला फक्त एक आकडा. ऑगस्टअखेर दोन मोठी वादळं आली की तो फुगतो. त्याआधीचा जुलै कोरडा गेला असला तरी. हंगाम मोजायचा तर जाडी किती आणि किती दिवस, हे एकत्र बघावं लागतं. इथले जाणकार त्यासाठी मीटर-दिवस धरतात: १ मीटर बर्फ ३० दिवस राहिला तर ३० मीटर-दिवस, २ मीटर १५ दिवस राहिला तरी ३०. किंवा आणखी सोपं, वसंतातली (इथे सप्टेंबरपासूनची) जाडी बघायची. हवामानशास्त्रज्ञ नेव्हिल निकोल्स यांनी २००५ मध्ये स्पेन्सर्स क्रीकच्या चाळीसेक वर्षांच्या नोंदी तपासल्या. कमाल जाडीत घट सौम्य, सुमारे १० टक्के. वसंतातल्या जाडीत मात्र सुमारे ४० टक्के. एकाच जागेचे, एकाच पद्धतीने मोजलेले आकडे. भर हिवाळ्यातल्या उच्चांकावर नजर ठेवणाऱ्याला ही दुसरी घट दिसतच नाही.

आणि ती वसंतात आधी दिसावी हे साहजिक आहे. जुलैत १,८०० मीटरवर हवा इतकी थंड असते की अंशभर वाढीने पडणारा बर्फ बहुतेक वेळा बर्फच राहतो. सप्टेंबरात तोच अंश शून्याच्या अलीकडून पलीकडे नेतो. त्यात इथल्या वादळांची ठेवण अशी की थंड आघाडी, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेची कड, येण्याआधी वायव्येकडून उबदार, दमट वारा सुटतो, त्यासोबत पाऊस. आघाडी गेल्यावर नैऋत्येकडून बर्फ. लोकांना वाटतं पाऊस बर्फ वितळवतो. हिशेब करून बघा: ५ अंशांचा १० मिलिमीटर पाऊस जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर पाण्याइतका बर्फ वितळवेल. खरा घाला दमट वाऱ्याचा. हवेतली वाफ बर्फावर येऊन पाणी होते तेव्हा एका किलो वाफेतून सुटणारी उष्णता सात किलोंहून जास्त बर्फ वितळवू शकते. म्हणून आघाडीआधीची एक उबदार, वादळी रात्र नुसत्या चार पावसांपेक्षा महागात पडते, आणि सकाळी उतारावर जागोजागी गवत उघडं पडलेलं दिसतं.

ताज्या बर्फाच्या आकड्यांबद्दलही थोडं. 'हंगामात ३ मीटर बर्फ पडला' हे रिसॉर्टच्या जाहिरातीतलं वाक्य म्हणजे रोजच्या पडण्याची बेरीज. जमिनीवर एका वेळी ३ मीटर होता असं नव्हे. ताज्या २० सेंटिमीटर बर्फात पाणी जेमतेम २ सेंटिमीटर असतं. दोन दिवसांत तो दबून निम्मा होतो. जाहिरातीतली बेरीज आणि स्पेन्सर्स क्रीकची जाडी शेजारी ठेवून तुलना करणारे ग्राफही फिरतात, ते सरळ पुसून टाकावेत.

'हे निसर्गाचं चक्र आहे.'

चक्रं आहेतच, ती कुणी नाकारत नाही. १९८१ च्या विक्रमानंतर लगेच १९८२, एल निन्योचं दुष्काळी वर्ष, बर्फाच्या दृष्टीने दरिद्री. २००६ ला एल निन्यो आणि हिंद महासागरातली धन द्विध्रुव स्थिती (समुद्र पश्चिमेला उबदार, ऑस्ट्रेलियाच्या बाजूला थंड) एकदमच आली. दक्षिणेकडचे वाऱ्यांचे पट्टे उत्तरेला सरकले की आघाड्या डोंगरांवर आदळतात, दक्षिणेला सरकले की त्या टास्मानियाखालून निघून जातात. पण चक्र फिरून मूळ जागी यायला हवं ना? १९१० पासून ऑस्ट्रेलिया सुमारे दीड अंशाने तापला आहे. आग्नेय भागातला एप्रिल ते ऑक्टोबरचा पाऊस १९९४ पासून सुमारे ९ टक्क्यांनी घटला आहे. चक्र फिरतंय, पण ज्या जमिनीवर फिरतंय तीच वर उचलली जातेय. ऑगस्ट २०२४ हा देशाच्या नोंदींतला सर्वात उष्ण ऑगस्ट होता, सरासरीपेक्षा सुमारे ३ अंशांनी जास्त. त्या वर्षी काही रिसॉर्टनी ठरलेल्या तारखेआधीच लिफ्ट बंद केल्या. एका वर्षावरून निष्कर्ष काढू नये, हे मान्य. मग एका फोटोवरूनही काढू नये.

'नाहीच पडला तर मशीन आहेत.'

हे वाक्य सर्वात जास्त खपतं आणि सर्वात कमी तपासलं जातं. स्नोगन बर्फ तयार करते म्हणजे काय, तर मोठ्या पंख्याभोवतीच्या नळ्यांतून पाण्याचे बारीक थेंब उडवते आणि ते खाली पडेपर्यंत हवेत गोठावे लागतात. थंडावा हवेने द्यायचा असतो. ती देईल की नाही हे नेहमीच्या थर्मामीटरवर कळत नाही; ओल्या बल्बचं, म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरचं, तापमान बघावं लागतं. माठातलं पाणी कोरड्या हवेत जास्त गार होतं, तोच हिशेब. हवा ० अंश आणि आर्द्रता ५० टक्के असेल तर ओला बल्ब उणे ३ च्या आसपास. गन सुरू करता येतात. हवा उणे १ पण धुकं, आर्द्रता ९५ टक्के: ओला बल्ब उणे १.३, गन बंद. नेहमीच्या गनना साधारण उणे २ लागतो, आणि तिथेही बर्फ ओलसर, चिकट होतो. उणे ६-७ ला तेच यंत्र कित्येक पट बर्फ देतं. पाण्यात एका जिवाणूपासून मिळणारं प्रथिन मिसळतात म्हणजे थेंब थोड्या वरच्या तापमानाला गोठतात. त्याने फायदा होतो, पण तो अंशाच्या भागाइतका.

आता पाणी. ५०० मीटर लांब, ३० मीटर रुंद अशा एका साध्या उतारावर ४० सेंटिमीटरचा थर द्यायचा तर ६,००० घनमीटर बर्फ लागतो. मशीनचा बर्फ दाट, घनमीटरला साधारण ४५० किलो. म्हणजे २७ लाख लिटर पाणी, वाफ आणि वाऱ्यात उडून गेलेलं वेगळं. जूनमध्ये तलावाचं पाणी अजून उबदार असतं, ते आधी थंड करावं लागतं, नाहीतर थेंब गोठायच्या आतच जमिनीवर येतात. तयार झालेला ढीग काही तास निथळू द्यायचा, मगच मशीनने पसरायचा. घाई केली तर तो रात्रीत कडक बर्फाची लादी होतो आणि सकाळी नवशिके त्यावरून बुडावर घसरतात.

थोडक्यात, गनला लागते ती थंड, कोरडी रात्र, आणि तापमानवाढीत आधी कमी होतात त्या अशाच रात्री, विशेषतः जूनमध्ये, जेव्हा हंगामाची पायाभरणी करायची असते. शून्याच्या वर चालणारी यंत्रंही आहेत. २०१७ मध्ये माउंट बुलरने ती आणली. ती कंटेनरमध्ये बर्फाचे पापुद्रे पाडतात, बाहेर १५ अंश असले तरी. वीज भरपूर खातात आणि घसरगाडीचं मैदान किंवा नवशिक्यांचा एखादा उतार झाकतात. अख्खा डोंगर नाही. २,००० मीटरवरच्या खुल्या कड्यांवर, जिथे खरं स्कीइंग होतं, तिथे निसर्गाचाच बर्फ लागतो.

मेलबर्न-सिडनीहून पोरांना बर्फ दाखवायला जाणाऱ्यांना यातून एक उपयोगाचं सांगता येतं. जूनच्या लाँग वीकेंडला हंगाम कागदावर सुरू होतो, पण तेव्हा पायाखाली बहुधा मशीनचा पट्टा असतो. परतावा न मिळणारं बुकिंग तेव्हाचं करू नये. लेक माउंटन, बॉ बॉ, सेल्विनसारख्या सखल जागी जुलै-ऑगस्टात, थंड आघाडी गेल्यावर दोन-तीन दिवसांत जावं. सप्टेंबरची शाळेची सुट्टी असेल तर उंच जागा निवडावी आणि निघण्याच्या आदल्या दिवशी रिसॉर्टचा नैसर्गिक बर्फाचा आकडा बघावा, जाहिरातीतला नाही.