पारा वर चढतो, म्हणून सगळेच धातू चढत नाहीत

मासेमारीबंदी उठली की कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर तो मेसेज येतोच. समुद्रात जड धातू आहेत, लहान माशाला मोठा खातो, मोठ्याला आपण खातो, प्रत्येक पायरीवर विष वाढतं, तेव्हा मासे सोडा. खाली फोटो बहुतेक वेळा बांगड्याचा. मेसेज अर्धा खरा आहे, फोटो साफ चुकला आहे.

खरा अर्धा भाग पाऱ्याचा, आणि तोही मिथिल पाऱ्याचा. ऑक्सिजन नसलेल्या गाळातले काही जिवाणू साध्या पाऱ्याचं हे रूप करतात. ते आतड्यातून जवळजवळ सगळंच शोषलं जातं, स्नायूंतल्या प्रथिनांना धरून बसतं आणि लवकर बाहेर पडत नाही. शिकाऱ्याला भक्ष्याची आयुष्यभराची जमा आयती मिळते. गंमत म्हणजे सगळ्यात मोठी उडी वरच्या पायऱ्यांवर नसतेच. पाण्यातून सूक्ष्म शैवालात जातानाच प्रमाण हजारो पटींनी वाढतं, पुढे दर पायरीला काही पटींनी.

शिसं, तांबं, जस्त, कॅडमियम हे मात्र सहसा असे वर वर वाढत जात नाहीत. शिकाऱ्याच्या अंगात किती धातू जाईल, हे भक्ष्याने तो कुठे ठेवलाय यावर ठरतं. पेशीच्या द्रवात प्रथिनांशी बांधलेला धातू सहज पुढे जातो. कठीण कणांत कोंडलेला बराचसा विष्ठेवाटे निघून जातो. खडकाला चिकटणारे बार्नेकल जस्ताचे असे कण अंगात साठवतात. त्यांना खाणाऱ्या शंखाच्या पोटातून ते बऱ्याच अंशी न पचता बाहेर पडतात.

माझं आवडतं उदाहरण न्यूयॉर्क राज्यातलं. हडसन नदीच्या फाउंड्री कोव्ह नावाच्या खाडीत बॅटरीच्या कारखान्याने कॅडमियम सोडलं. तिथल्या गाळातले किडे पिढ्यान्‌पिढ्या त्याला सरावले आणि ते कणांत कोंडायला शिकले. १९९० च्या दशकात संशोधकांनी हे किडे कोळंबीला खायला घातले. सरावलेल्या किड्यांतलं सुमारे एक-पंचमांश कॅडमियम कोळंबीने शोषलं, न सरावलेल्यांतलं जवळजवळ चौपट. धातू तोच, शिकारीही तीच! 'जड धातू' असं एका दमात म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग एकदा वाचावाच.

याचा अर्थ भीती खोटी, असं मुळीच नाही. जपानमधल्या मिनामाताचा कारखाना १९३२ पासून अ‍ॅसिटाल्डिहाइड हे रसायन बनवत होता आणि मिथिल पारा सांडपाण्यातून खाडीत जात होता. मासे खाणारी मांजरं आधी पिसाटली, मग माणसं. १९५६ मध्ये आजाराची अधिकृत नोंद झाली. आईला फारशी लक्षणं नसतानाही बाळं जन्मतःच बाधित निघाली. १९५९ मध्ये कंपनीच्याच डॉक्टरांनी कारखान्याचं सांडपाणी मांजराला अन्नातून दिलं, ते मांजर तसंच आजारी पडलं, आणि कंपनीने ते दडपलं. सरकारने कारण मान्य केलं १९६८ मध्ये. मला राग येतो तो या नऊ वर्षांचा. तिथे अन्नसाखळीचं कोडं सुटत आलं होतं, तोंड उघडायची तयारी नव्हती.

आता आपल्या ताटाचं. तारली, बांगडा हे लहान, थोडं जगणारे आणि प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर पोसणारे. त्यांच्यात पारा कमी. मोरी (म्हणजे शार्क), मोठा कुपा (ट्यूना), मोठी सुरमई हे शिकारी. अमेरिकेत गरोदर बायकांना शार्क आणि किंग मॅकरेल टाळायला सांगतात. किंग मॅकरेल म्हणजे आपली सुरमई नव्हे, पण भावकीतली. घरात कुणी गरोदर असेल किंवा लहान मूल असेल तर मोरी टाळावी, तारली खुशाल खावी. कातडं काढून किंवा तळून पारा जात नाही, तो मांसातच असतो. कॅडमियमचं उलट आहे: माकुल (स्क्विड) साफ करताना आतलं सगळं नीट काढलं की बराचसा भाग गेला. खेकड्यात ते साठतं कवचाखालच्या तपकिरी गरात. तो चोखून खाणाऱ्यांना बेताने खा एवढंच सांगतो, मीही त्यातलाच.