धर्मचिंतन घरात कोंडून कसं चालेल?

आजच्या राजकीय पेचावर धर्म आणि तत्त्वज्ञानाकडे उत्तर नाही, त्यांनी घरातच राहावं, हे एका लेखात वाचलेलं म्हणणं आम्हा नागपूरकरांना तरी पटणार नाही. धर्माच्या नावावर चाललेल्या राजकारणाचा उबग आलाय, मान्य. पण आपण बोलणं सोडलं की मक्ता ओरडणाऱ्यांकडेच जातो ना!

१४ ऑक्टोबर १९५६ ला इथं बाबासाहेबांनी दीक्षा घेतली, तेव्हा घटना लागू होऊन सहा वर्षं उलटली होती. अस्पृश्यता कायद्यानं बंद झाली होती. तरीही त्यांना तेवढं पुरेसं वाटलं नाही. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असं २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावणारेही तेच. स्वातंत्र्य, समता, बंधुता आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नाही, बुद्धाकडून घेतली, असं त्यांनी १९५४ मध्ये आकाशवाणीवर सांगितलं.

मला यातली बंधुता सगळ्यात मोलाची वाटते. समतेसाठी कोर्टात जाता येतं. बंधुतेसाठी कुठे जाणार? व्हॉट्सअ‍ॅपवर शेजाऱ्याविरुद्ध विष फॉरवर्ड करणाऱ्याला कोणतं कलम मैत्री शिकवेल? तिथं करुणेचीच भाषा लागते, आणि ती धर्मचिंतनातूनच येते.

दसऱ्याला दीक्षाभूमीसमोरचे पुस्तकांचे स्टॉल बघा. काखेत गाठोडं घेतलेल्या, खेड्यातून आलेल्या बाया बुद्धाच्या मूर्तीसोबत पोरांसाठी संविधानाची प्रतही निवडतात, पानं उलटून, भाव करून. लेखकानं पुढच्या लेखात त्यांच्याबद्दल लिहावं, ही मनापासून विनंती.