म्हातारी नाही झाली बे ती एसएसडी!

सीताबर्डीवरचा कॉम्प्युटरवाला माझ्या दीड वर्षाच्या एसएसडीकडे (फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये डेटा ठेवणारी ड्राइव्ह) पाहून म्हणतो, "म्हातारी झाली भाऊ, नवीन टाकून घ्या. नागपूरचं ऊन आहे, टिकते का?" टाळकंच सरकलं. स्क्रीनवर हेल्थ ९४ टक्के दिसून राहिली आणि हा तिला थेट घाटावर नेऊन राहिला!

लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो मी. १ टीबीची ड्राइव्ह कायम गच्च. त्या दिवशी एक जुनं लग्न उडवलं आणि १५० जीबीचं नवीन टाकायला घेतलं. सुरुवातीला सेकंदाला ४५० एमबी, मग धाडकन ४०. तासभर कूलरसमोर बसून ती हिरवी पट्टी पाहत होतो.

शेवटी रात्री स्वतःच खोदलं. फाइल डिलीट केली म्हणजे जागा रिकामी झाली असं एसएसडीत नसतं. तिथं लिहिता येतं एकेक पान, पण पुसायचं तर पानांचा अख्खा गठ्ठा, म्हणजे ब्लॉक. पंगतीसारखं. एक पान उचलून तिथं दुसरा बसवता येत नाही, सगळी पंगत उठवावी लागते. जे अजून जेवून राहिले त्यांना आधी दुसऱ्या पंगतीत हलवा, मग झाडून घ्या. कोण जेवून उठलं हे विंडोज ड्राइव्हला सांगते, त्याला ट्रिम म्हणतात. नाही सांगितलं तर ड्राइव्ह उष्ट्या पत्रावळीही जपून इकडून तिकडं हलवत बसते. स्पीडही जातो, आयुष्यही झिजतं.

आणि माझं ट्रिम बंद! विंडोज ७ पासून आपोआप चालू असणारी गोष्ट. मागच्या वेळी ह्याच पठ्ठ्यानं "स्पीड वाढवतो" म्हणून कुठलीशी स्क्रिप्ट मारली होती, वर डीफ्रॅगही केलं, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे एका जागी लावले. एसएसडीला डीफ्रॅग! त्यात फिरणारी तबकडी तरी आहे का बे?

खोक्यावाले वेगळे चोर. "५०० एमबीपर्यंत" मोठ्या अक्षरात. आत क्यूएलसी (एकेका कप्प्यात चार बिट कोंबणारी, लिहायला हळू चिप) आहे, आलेला डेटा आधी झटपट घेणारी जागा, म्हणजे वेगवान कॅशे, भरला की स्पीड बसतो, ड्राइव्ह भरत गेली की तो कॅशेही आकसतो, हे कुठंच नाही.

ट्रिम चालू केलं, २०० जीबी रिकामे केले, विंडोजमधलं ऑप्टिमाइझ (सगळ्या रिकाम्या जागेचं एकदम ट्रिम) दाबून रात्रभर मशीन नुसतं चालू ठेवलं. सकाळी तेवढीच कॉपी, कितीतरी वेळ ४५० च्या आसपास. फुकटात.

मागच्या "सर्व्हिसिंग"चे ७०० रुपये परत मागायला गेलो, तर म्हणतो, "पावती आहे का?" पावती तेव्हा त्यानंच दिली नव्हती.