द ला गार्दी घराण्याच्या लेकी-सुना

स्वीडनच्या द ला गार्दी या उमराव घराण्याबद्दल वाचायला घेतलं की आधी तलवारीच खणखणतात. मूळ पुरुष पोंटुस हा दक्षिण फ्रान्समधला भाडोत्री शिपाई. डेन्मार्ककडून लढताना १५६५ मध्ये स्वीडिश फौजेच्या हाती लागला आणि तिच्याच चाकरीत शिरला. पुढे राजाने त्याला आपली अनौरस मुलगी दिली. १५८१ मध्ये त्याने नार्वा शहर जिंकलं आणि चार वर्षांनी नार्वा नदीतच बुडून मेला. मुलगा याकोब १६१० मध्ये फौजेसह मॉस्कोत पोचला. नातू माग्नुस गाब्रिएल राज्याचा चान्सलर, म्हणजे मुख्य कारभारी झाला. गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेतलं सहाव्या शतकातलं हस्तलिखित 'रुपेरी बायबल' विकत घेऊन त्याने १६६९ मध्ये उप्साला विद्यापीठाला दिलं, हे त्याचं काम मला त्याच्या सगळ्या पदांहून मोठं वाटतं. १६८० नंतर राजाने उमरावांच्या जमिनी परत घेतल्या, त्यात त्याची बहुतेक दौलत गेली.

पण या घराण्यातलं कुणी आज घराघरांत माहीत असायला हवं, तर ती एवा. जन्म १७२४, लग्नानंतर एवा एकेब्लाड. नवरा राजकारणात गुंतलेला, त्यामुळे जमीनजुमला बघायचा तिने, मुलंबाळं सांभाळायची तिनेच. तेव्हा स्वीडनमध्ये बटाटा सामान्य माणसाच्या ताटात फारसा आलाच नव्हता. एवाने बटाट्यापासून पीठ आणि दारू काढायची रीत शोधली आणि ती स्वीडनच्या विज्ञान अकादमीला कळवली. १७४८ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ती अकादमीची पहिली स्त्री सदस्य झाली. तीन वर्षांनी अकादमीने तिला 'मानद' करून टाकलं, कारण पूर्ण सदस्यत्व पुरुषांसाठीच होतं! हे वाचून मला आजही राग येतो. 'बटाट्याची दारू काढणारी बाई' एवढीच तिची ओळख करून देणाऱ्यांचाही येतो. दारूच्या भट्ट्यांत जाणारं धान्य भाकरीसाठी उरू शकतं, हे तिच्या कामाचं खरं मोल आहे. दुष्काळाच्या देशात याहून मोठं संशोधन कोणतं?

तिची भावजय कातारीना शार्लोटा, माहेरची ताउबे. १७५० च्या दशकाच्या अखेरीस डालार्ना प्रांतात चेटकाच्या आरोपावरून गरीब बायका-पुरुषांना पकडून त्यांचा छळ चालला होता, तोही सरकारी अधिकाऱ्यांच्या आशीर्वादाने. ही बाई गप्प बसली नाही. तिने स्टॉकहोमपर्यंत तक्रार नेली, चौकशी लागली आणि ती माणसं सुटली. तिच्या सन्मानार्थ पदकही काढलं गेलं. तरी पोंटुसची लढाई सांगणाऱ्या किती जणांना हिचं नाव ठाऊक असतं?