माफीनामा नको, काय घडलं ते लिहू द्या

माझं मत आधीच सांगून टाकते. आठवी, नववी, दहावीच्या मुलांकडून माफीनामा लिहून घ्यायची पद्धत आता बंद झाली पाहिजे.

मी नागपुरात माध्यमिक शाळेत शिकवते. वर्गशिक्षिका म्हणून असे कागद दर वर्षी माझ्याकडे येतात आणि सगळ्यांवर मजकूर एकच असतो. "मी आज वर्गात बेशिस्त वर्तन केले. त्याबद्दल मी दिलगीर आहे. यापुढे माझ्याकडून असे होणार नाही. झाल्यास शाळा करेल ती शिक्षा मला मान्य राहील." खाली मुलाची सही, त्याखाली पालकांची. मुलांना हा मजकूर तोंडपाठ असतो. "काय लिहायचं असते बे?" असं एक विचारतो, दुसरा जुना कागद दाखवतो, पाच मिनिटांत काम आटोपतं. फाईल जाड होत जाते आणि तोच मुलगा पुढच्या महिन्यात पुन्हा उभा राहतो.

या कागदात काय घडलं ते कुठेच नसतं. कोणाला काय लागलं, त्याआधी काय झालं, मुलाच्या मनात काय चाललं होतं, यातलं काही नाही. पुढच्या वेळी तो काय वेगळं करणार, तेही नाही. तरी आपण म्हणतो की त्याला चुकीची जाणीव झाली.

एक उदाहरण देते. मुलाची आणि त्याच्या आईवडिलांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नववीतला मुलगा. ऑफ तासाला त्याने कंपास बॉक्स वर्गमित्राच्या तोंडावर फेकला. डोळा वाचला, चष्म्याची फ्रेम तुटली. पालकांना बोलावणं गेलं. आई म्हणाली, "मॅडम, घरीही असंच करून राहिला हा. काही विचारलं का दार आपटतो." वडील हताश होते. म्हणाले, "दोन ठेवून द्या त्याला, आमची काही हरकत नाही."

आमची आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करता येत नाही आणि त्याचा मानसिक छळही करता येत नाही. हा कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे हे मला माहीत आहे. पण पंधरावं लागलं म्हणून कोणी मार खायला लायक होत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी मार खाऊन मुलगा एवढंच शिकतो की जो मोठा आहे त्याने चिडल्यावर हात उचलायचा असतो. तेच तर त्याने वर्गात केलं होतं.

त्या दिवशी मी त्याला काही विचारलं नाही, काही लिहायलाही दिलं नाही. घरी पाठवलं. हे मुद्दाम करावं लागतं. रागाच्या भरात माणसाला स्वतःकडे बघता येत नाही, मोठ्यांनाही नाही. त्यात या वयाची अडचण आणखी आहे. थांबणं, परिणामाचा विचार करणं, स्वतःला आवरणं ही कामं मेंदूचा जो पुढचा भाग करतो, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, तो पूर्ण तयार व्हायला पंचविशीच्या आसपासचं वय उजाडतं. भीती आणि धोका चटकन ओळखणारी अमिग्डाला मात्र चौदाव्या वर्षी जोरात काम करत असते. म्हणून प्रसंगानंतर दहा मिनिटांत "बोल, काहून मारलं?" असं खडसावलं की मुलगा एक तर गप्प बसतो, नाही तर खोटं बोलतो. "काहून" या प्रश्नाचं खरं उत्तर त्या क्षणी त्याच्याकडेही नसतं.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या तासाला प्रयोगशाळेत बसलो, तिथे कोणी येत-जात नव्हतं. मी एक कागद दिला. त्यावर थोडे प्रश्न असतात. काय घडलं, क्रमाने लिही. त्याच्या आधी काय घडलं होतं? अंगात काय जाणवलं? डोक्यात कोणतं वाक्य आलं? नंतर कोणाला काय त्रास झाला? आता त्यातलं काय भरून काढता येईल?

त्याने लिहिलं, "राग आला म्हणून मारलं." पेन ठेवला. "मॅडम, राग आला तं आला, आणखी काय लिहू?"

मी म्हटलं, लिहू नको, सांग. सकाळपासून सांग. मग हळूहळू निघालं. आदल्या दिवशी क्लासची टेस्ट होती, दीड वाजता झोपला. सकाळी उठायला उशीर झाला, व्हॅन आली, पोहे तसेच राहिले. दुसऱ्या तासाला गणिताचे पेपर मिळाले. ऑफ तासाला त्या मुलाने याच्या दप्तरातून पेपर ओढला आणि मार्क मोठ्याने वाचले. मागच्या बाकावरची पोरं हसली.

"मग?"

"मग कान गरम झाले."

"फेकायच्या किती आधी?"

तो थांबला. खरंच आठवून बघत होता. "आधीच झाले होते. पेपर ओढला तेव्हाच."

माझ्या मते सगळ्या प्रकरणात कामाची गोष्ट ही एवढीच होती. पेपर ओढण्यापासून बॉक्स फेकेपर्यंत मध्ये वेळ होता आणि त्या वेळेची खूण त्याच्या अंगावरच होती. त्याला ती कोणी विचारलीच नव्हती. काही मुलांच्या पोटात गोळा येतो, काहींच्या मुठी आवळतात, एका मुलीने सांगितलं की तिला आवाज लांबून आल्यासारखे वाटतात. ज्याला आपली खूण सापडली त्याच्या हातात काहीतरी करायला वेळ असतो.

डोक्यात काय आलं, यावर तो म्हणाला, "आता वर्षभर हसतीन हे माझ्यावर." हे वाक्यही मोलाचं. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, आणि कि. मो. फडके यांनी जी आपल्याकडे पोहोचवली, तिचा गाभा हाच आहे. घटना आणि आपली प्रतिक्रिया यांच्या मध्ये आपला एक समज बसलेला असतो, आणि तो तपासून बघता येतो. आम्ही तपासला. मागच्या सत्रात कोणाचे मार्क वाचले गेले होते, आठवतं का? त्याला आठवेना. वर्षभर कोणी हसत नाही, हे मी सांगायची गरजच पडली नाही.

मग मी त्याला एक शब्दांची यादी दिली. राग, लाज, अपमान, हेवा, भीती, एकटं पडणं, दमणं, असे बरेच. त्याने "राग" वर पेन टेकवला, उचलला, आणि "लाज" खाली रेघ मारली. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मेंदूच्या स्कॅनिंगमधून दाखवलं होतं की भावनेला नेमकं नाव दिलं की अमिग्डालाची खळबळ कमी होते. मला त्या पेनाकडे बघूनही ते कळलं. त्याचे खांदे खाली आले.

पुढचा भाग उपायांचा. इथे मोठी माणसं फार घाई करतात. "दहापर्यंत मोज", "ध्यान कर", "राम राम म्हण". मुलांनी हे सगळं ऐकलेलं असतं आणि त्यांचा त्यावर विश्वास नसतो. उपाय त्यांनी स्वतः निवडावा लागतो.

या मुलाला वडिलांनी पंचिंग बॅग आणून दिली होती, राग बाहेर पडावा म्हणून. हेतू चांगलाच होता. पण ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये यावर प्रयोग केला तेव्हा उलटं दिसलं. चिडवणाऱ्या माणसाचा विचार करत बॅगवर ठोसे मारणारे विद्यार्थी काहीच न करता शांत बसलेल्यांपेक्षा जास्त चिडलेले आणि जास्त आक्रमक निघाले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण "इडापिडा घेऊन जा गे मारबत" म्हणून मारबतीचा पुतळा गावाबाहेर नेऊन जाळतो, तसा राग एकदा बाहेर काढून जाळता येत नाही. तो वापरला की त्याची सवय लागते. वडिलांना हे सांगितलं. त्यांनी बॅग काढली नाही, पण संध्याकाळी दोघं मिळून व्यायाम म्हणून वापरतात, भांडण झाल्यावर नाही. हे मला पटलं.

मुलाने स्वतः निवडलं ते पाणी. व्हरांड्याच्या टोकाला पाण्याची टाकी आहे. कान गरम झाले तर टाकीवर जायचं, मनगटांवर आणि तोंडावर गार पाणी घ्यायचं, येताना श्वास सावकाश सोडायचा, घेतला त्यापेक्षा लांब. लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके मंदावतात, गार पाण्यानेही. "राग आला तर शांत राहीन" यापेक्षा "कान गरम झाले तर टाकीवर जाईन" हे डोक्यात राहतं, कारण त्यात कधी आणि काय दोन्ही ठरलेलं असतं.

वर्गातून उठायची परवानगी कशी, हा खरा प्रश्न होता. आम्ही ठरवलं की तो बाकावर पट्टी उभी ठेवेल, शिक्षक मान हलवतील, तो पाच मिनिटांत परत येईल. स्टाफरूममध्ये यावर वाद झाला. "मग सगळेच पट्ट्या उभ्या करतील." एकानेही केली नाही. आणि हो, याचा सराव आम्ही शांत दिवशी केला, काहीही झालेलं नसताना. पोहायला शिकायचं ते पूर यायच्या आधी.

आता तो मुलगा एकदम गुणी झाला असं मी म्हणणार नाही, कारण तसं झालेलं नाही. परीक्षेच्या तोंडावर पुन्हा बिनसलं. पट्टी उभी केली नाही, स्वतःची वही टरकन फाडली. पण कोणाला लागलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो स्वतः आला, "मॅडम, तो प्रश्नांचा कागद द्या नं." माझ्या नोकरीत मुलाने आपणहून मागितलेला कागद मी फार कमी पाहिला आहे. माफीनामा तर कोणीच मागत नाही.

झोपेबद्दल पालकांशी बोलायचं आहे. या वयात ८ ते १० तास झोप लागते. शिवाय वयात येताना झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं, त्यामुळे मुलाला दहा वाजता झोप येत नाही हा त्याचा आगाऊपणा नाही. त्यावर आपण रात्री नऊपर्यंत क्लास ठेवतो, पहाटे उठवून व्हॅनमध्ये बसवतो. एप्रिलमध्ये सकाळची शाळा लागली की आणखीच हाल. रात्रभर गरम हवा फेकणाऱ्या कुलरपुढे तळमळलेलं पोर सकाळी सात वाजता बाकावर बसतं. त्याच्या वागण्याचा विचार करण्याआधी ते किती झोपलं आणि काय खाल्लं, हे विचारा.

काही मुलांबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण त्यांच्याकडून कोणी माफीनामाच मागत नाही. बहुतेक वेळा मुली. त्या काही फेकत नाहीत. डबा न खाता परत नेतात, मैत्रिणींचे नंबर ब्लॉक करतात, हाताच्या बाह्या भर उन्हाळ्यात खाली ओढून बसतात. "गुणी आहे हो, आवाज नाही तिचा" असं आपण पालकसभेत म्हणतो. प्रश्नांचा तो कागद त्यांनाही द्यावा असं मला वाटतं, शिक्षा म्हणून नाही, विचारपूस म्हणून.

"मग शिस्तीचं काय?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. शिस्त या कागदाच्या शेवटच्या प्रश्नात आहे, आणि ती माफीनाम्यापेक्षा कडक आहे. फ्रेम तुटली, ती कोण भरून देणार? मुलाने दिवाळीचे जमवलेले पैसे काढले, उरलेले वडिलांनी घातले, आणि तो वडिलांसोबत त्या मित्राला घेऊन बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, चष्म्याच्या दुकानात गेला. फ्रेम मित्राने निवडली. तिथे दोघं पंधरा मिनिटं शेजारी उभे होते. मित्रानेही मार्क वाचल्याबद्दल काहीतरी पुटपुटलं म्हणे. ते कोणी लिहून घेतलं नव्हतं.

शाळेच्या आणि घराच्या ताकदीबाहेरच्या गोष्टीही असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार १० ते १९ वयोगटात जगभर दर ७ जणांमागे एकाला मानसिक विकार असतो. मूल स्वतःला इजा करत असेल, मरणाबद्दल बोलत असेल, दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक-बोलणं बदललं असेल, तर कागद आणि टाकी पुरत नाहीत. नागपुरातल्या मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. आपल्या शहरात मनोरुग्णालयाजवळच्या चौकालाच "पागलखाना चौक" म्हणतात, त्यामुळे मुलाला तिकडच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं की आजीपासून काकापर्यंत सगळे आडवे येतात. तेव्हा निदान १४४१६ वर फोन करा. टेली-मानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं, आणि फोन मूलही करू शकतं, पालकही. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहेच. हे दोन नंबर मी वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते आणि फळा पुसताना तेवढा कोपरा सोडायला सांगते.

जूनच्या शेवटी आपल्या विदर्भातल्या शाळा उघडतील. ज्या शिक्षकांना, पालकांना हा प्रश्नांचा कागद वापरून बघायचा असेल त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा, पाठवते. एका पानाचा आहे, मराठीत आहे, हवे तसे बदल करा. फक्त त्यावर सहीची जागा ठेवू नका.