तंबाखूच्या पानांनी उंदीर थांबत नाहीत

पाऊस ओसरू लागला की एक संदेश हमखास फिरत येतो. यंदा तो माझ्याकडे तीन ग्रुपवरून आला. त्यातला एक तर जुन्या गाड्या जिवापाड सांभाळणाऱ्यांचा, म्हणून लिहायला बसलो. संदेश असा: "जुन्या गाडीला उंदरांचा धोका नाही, सोयाबीनपासून बनवलेली वायर फक्त नव्या गाड्यांत असते. तरी खबरदारी म्हणून बॉनेटखाली तंबाखूची पानं आणि डांबरगोळ्या ठेवा, आठवड्याला थोडं डिझेल शिंपडा, अल्ट्रासॉनिक यंत्र लावा आणि रोज पाच मिनिटं इंजिन चालू करा. १०० टक्के खात्रीचा उपाय."

यातलं जवळपास सगळं मी करून बसलोय. वडिलांची १९९२ची प्रीमियर पद्मिनी साताऱ्याच्या घरी शेडमध्ये असते आणि शेजारी भुईमुगाच्या शेंगांची पोती रचलेली असतात. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत हॉर्न वाजेना, उजवा हेडलाइट लागेना. बॉनेट उघडलं तर एअर फिल्टरच्या मागे घरटं. बॉनेटच्या आतला नमदा कुरतडून केलेली गादी, शेंगांची टरफलं, सुतळीचे धागे, आणि मी ठेवलेल्या तंबाखूच्या पानांचा चुरा. पानं त्यांनी अंथरायला घेतली होती.

आधी सोयाबीनचं बघू. वनस्पतीजन्य कच्चा माल वापरलेल्या वायरींवरून अमेरिकेत ग्राहकांनी गाडी कंपन्यांवर दावे लावले, तिथून ही गोष्ट जगभर पसरली. नव्या वायरीची चव उंदराला जास्त आवडते का, हा वाद बाजूला ठेवू. त्यावरून 'जुनी गाडी सुरक्षित' हे मात्र अजिबात निघत नाही. माझ्या पद्मिनीत साधी पीव्हीसीची वायर आहे आणि ती कुरतडलेली मी डोळ्यांनी पाहिली. आवरणाचे लाल-निळे कण खाली पत्र्यावर तसेच पडले होते. म्हणजे त्याने ते खाल्लं नव्हतं, सोलून टाकलं होतं. उंदराचे पुढचे पटाशीचे दात जन्मभर वाढत राहतात. त्यांच्या पुढच्या बाजूला कठीण एनॅमल आणि मागे मऊ दंतिन असतं, त्यामुळे कुरतडताना मागची बाजू आधी झिजते आणि धार कायम राहते. लाकूड, साबण, प्लास्टिक, शिशाचे पाइप, काहीही त्याला चालतं. बॉनेटखाली तो येतो आडोशाला. तिथे अंधार आहे, कोरडं आहे, मांजराचा हात पोचत नाही. वायर फक्त त्याच्या वाटेत येते.

उलट जुन्या गाडीला धोका जास्त आहे, आणि ही गोष्ट त्या संदेशात कुठेच नाही. जुन्या गाड्यांत फ्यूज मोजके असतात, आणि चार्जिंग व इग्निशनच्या तारांना तर कित्येकदा फ्यूज नसतोच. माझ्या गाडीत अल्टरनेटरकडून येणारी जाड तार दोन बोटं सोललेली होती. तांबं लखलखत होतं आणि बॉडीचा पत्रा जेमतेम बोटभर लांब. ती टेकली असती तर बॅटरीचा सगळा करंट थेट त्या तारेतून गेला असता. तार लाल होते, आवरण पेटतं, आणि शेडमध्ये तेव्हा कोणी नसतं. म्हणून गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर मी बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवतो. दहा नंबरचा पाना आणि एक मिनिट लागतं. कट-ऑफ स्विच बसवला तर तेवढंही नाही.

तंबाखू आणि डांबरगोळ्यांवर लोकांचा विश्वास का बसतो, हे मला उशिरा कळलं. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. त्याच्या रोजच्या वाटेवर काहीही नवं ठेवा, वास असो वा नसो, काही दिवस तो लांब राहतो. तेवढ्यात आपण म्हणतो, 'गुण आला!' आणि चार ग्रुपवर पाठवतो. सवय झाली की तो परत येतो, पण तेव्हा संदेश मागे घ्यायला कोणी जात नाही.

डांबरगोळी कपाटात काम करते, कारण कपाट बंद असतं आणि वाफ आत कोंडून राहते. बॉनेटखाली खालून-वरून वारा खेळतो, तिथे गोळी नुसती विरत जाते. डांबरगोळीतलं नॅफ्थलीन ८० अंशांना वितळतं आणि तापलेल्या इंजिनाचं पाणीच त्याच्या पुढे जातं. शिवाय वायपरखालच्या जाळीतून तो वास गाडीत येतो. ज्या मुलांत जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनमुळे फुटू शकतात. मागच्या सीटवर नातवंडं बसणार असतील तर ही गोळी गाडीत नको. आणि वाळलेली तंबाखू एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या पाइपवर, घसरली तर ती पेटायला काडी लागत नाही.

डिझेलबद्दल एवढंच: रेडिएटरचे रबरी पाइप डिझेलने फुगतात, मऊ पडतात, आणि जुन्या गाडीचे पाइप पुन्हा मिळवताना किती वणवण होते ते आपल्याला ठाऊक आहे. शिंपडूच नका.

अल्ट्रासॉनिक यंत्र माणसाला ऐकू न येणारा आवाज काढून उंदीर पळवतं म्हणे. तो आवाज फार लांब जात नाही, आडवं काही आलं की अडतो, आणि इंजिनाच्या खोलीत सगळं आडवंच असतं. काही दिवसांनी उंदराला त्याचीही सवय होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ साली अशी यंत्रं बनवणाऱ्या-विकणाऱ्या ६०हून अधिक कंपन्यांना पत्रं पाठवून बजावलं होतं की दाव्यांना शास्त्रीय पुरावा लागेल. त्यातून ते यंत्र उभ्या गाडीची बॅटरी पीत राहतं, ते वेगळंच.

रोज पाच मिनिटं इंजिन चालू करण्याने तर उलटच होतं. थंडीच्या रात्री तुम्ही उंदराला ऊबदार खोली करून देता. पाच मिनिटांत बॅटरीही धड भरत नाही. गाडी चालवून आणा, जागा बदला, ते उपयोगाचं.

आता संदेशात नसलेली, पण त्याच्या खाली प्रत्येक वेळी कोणीतरी सुचवणारी गोष्ट: विष. कृपा करून गाडीत ठेवू नका. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, आडोशाला जाऊन मरतो, आणि तो आडोसा तुमच्या ब्लोअरची नळी असू शकते. अर्धमेला उंदीर गव्हाणी घुबडाने किंवा मांजराने खाल्ला तर ब्रोमाडिओलोनसारखं विष त्यांनाही भोवतं. हेच दोघे आपल्याकडे उंदरांचा खरा बंदोबस्त करतात. चिचुंद्री दिसली तर तिलाही मारू नका. ती किडे खाते, वायरीशी तिचं काही वैर नाही.

मी काय केलं ते सांगतो. शेंगांची पोती शेडमधून हलवली, सर्वांत जास्त फरक त्याने पडला. दाराखालची फट आणि भिंतीतलं भोक पाव इंची जीआय जाळीने बंद केलं, कारण अर्ध्या इंचाच्या भोकातून उंदीर सहज आत येतो. शेड आतून बंद होत असल्याने रात्री बॉनेट उघडं ठेवतो, अंधाराचा आडोसाच उरत नाही. इलेक्ट्रिशियनने तारा नुसत्या पिळून काळी टेप गुंडाळायला घेतली होती, ते मी करू दिलं नाही. उष्णतेने त्या टेपचा डिंक पाघळतो. झाळून, वर श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवून, सगळा हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, कॉरुगेटेड पाइपमध्ये घातला आणि चार्जिंगच्या तारेत फ्यूज बसवून घेतला. मिरचीतलं कॅप्सेसिन लावलेली टेप मिळते, ती मोक्याच्या ठिकाणी गुंडाळायला हरकत नाही, पण तिच्या भरवशावर पोती परत आणू नका.

घरटं काढताना हातमोजे आणि मास्क घाला. कोरडं झाडू नका, आधी ब्लीचच्या पाण्याने भिजवा. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो. आणि चावी फिरवण्याआधी एअर फिल्टरचं झाकण उघडून बघा. माझ्या फिल्टरमध्ये मूठभर शेंगदाणे निघाले होते, सोलून ठेवलेले.